एकीची जर्सी आटली, पाच जणी कुडकुडल्या

मी देवगडची. एसटी स्टँडापासून हाकेच्या अंतरावर माझी खानावळ आहे. आमच्याकडे "थंडी पडली" म्हणतात तेव्हा पंखा पाचावरून दोनावर आलेला असतो, एवढंच. त्यामुळे ऐन हंगामात खानावळीला कुलूप लावून मी निपाणीकडे गेले आणि परतले ती नाक सोललेली, ओठ फुटलेले आणि तरी खुशीत, म्हटल्यावर लोकांना प्रश्न पडणारच. "गो बाय, इतके दिस तिकडे केलंस तरी काय?" सांगून सांगून घसा बसला. आता लिहूनच ठेवते. ज्याला हवं त्यानं वाचावं आणि माझं कालवण करपू देऊ नये.

जायचं कारण माझी भाची वैशाली. धाकटी बहीण सुमन निपाणीजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे. घरी तंबाखू आणि ऊस. वैशाली तिची थोरली लेक, आणि तिला लष्करात जायचंय. लहानपणापासून हेच एक वेड. एका भरतीत पळण्यात थोडक्यात मागं पडली, पुढच्या भरतीत ऐन वेळी तापानं फणफणली, आणि यंदाची भरती तिच्या वयात बसणारी शेवटची. ही हुकली की दार बंद. सुमनचा फोन आला, "आक्का, तू ये बघ. पोरगीला घास जाईना झालाय. तुझ्या हातचं असलं की चार घास जास्त खाती."

सुमन लग्नाआधी मला ताई म्हणायची. घाट चढून गेली आणि मी आक्का झाले. मला आवडतं ते.

फोंडा घाट चढून

देवगडाहून निपाणीला सरळ रस्ता आहे, फोंडा घाटातून. घाटाच्या पायथ्याशी मी पदरानं वारा घेत होते आणि वर पोचेपर्यंत तोच पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसले होते. खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली. कंडक्टरला म्हटलं, "अहो, ही बंद करा की." त्यानं दोन बुक्के मारले, काच आणखी खाली गेली. "मावशी, तिला तसंच आवडतंय," म्हणाला आणि पुढं गेला. मुदाळ तिट्ट्यावर गाडी थांबली तेव्हा मी चहाचा पेला पिण्याआधी दोन्ही गालांना लावून घेतला. शेजारची बाई हसत सुटली. हसेना का! मला गाल परत मिळाले.

निपाणीत उतरल्या उतरल्या पहिली सलामी शिंकांची. तंबाखूचा वास हवेतच असतो तिथं, गावकऱ्यांना कळतही नाही. मी एका दमात सात-आठ शिंका दिल्या आणि न्यायला आलेली वैशाली म्हणाली, "मावशी, आली बघ तू. लांबनंच वळखलं." तिचा हात हातात घेतला तर दगडासारखा घट्ट. आणि ती बोलते कशी, तर "मी जातो, मी येतो, मी पळतो." इथल्या सगळ्या पोरी अशाच बोलतात. आमच्याकडे एखादी असं बोलली तर म्हातारी माणसं कानाला हात लावतील. मला मात्र त्या "मी पळतो"मध्ये एक रुबाब वाटला.

जेवणाचं म्हणाल तर तक्रारीला जागा नाही, एक मासा सोडून. पहिल्याच दिवशी भावोजींनी कौतुकानं माझ्यासाठी तळ्यातला मासा आणला. मी खाल्ला. सुमननं माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप मटणावर आली. बाकी ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर म्हशीचं दही आणि गुळाचा चहा! भाकरी थापताना माझी कड फाटायची आणि सुमनच्या लेकीसुद्धा तोंड लपवून हसायच्या.

मैदान

वैशालीचं शिक्षण चालतं गावच्या तळ्याशेजारच्या माळावर. शिकवणारे उस्ताद म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. आयुष्यभर फौजेत पोरांना पीटी शिकवली, आता पाच मुलींना शिकवतात. साठी ओलांडलेला सडपातळ माणूस, बारीक कातरलेल्या मिशा, आणि आवाज असा की तळ्यावरचे बगळे उडतात. गावातली माणसं त्यांना आप्पा म्हणतात, पण माळावर पाय ठेवला की फक्त उस्ताद. हुकूम सगळे हिंदीतून. "सावधान", "विश्राम", "घुटना उठा". चूक झाली की मात्र शिव्या आपल्या मायबोलीतून, आणि फारच चुकलं तर कन्नडमधून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही गेले बघायला. भावोजींची माकडटोपी कानावर, वर चादर. तळ्यावर धुकं बसलेलं, गवत ओलं, आणि त्या ओल्या गवतात पाच पोरी पांढऱ्या टी-शर्टवर गडद हिरव्या जर्सी घालून एका ओळीत उभ्या. पाचही जर्सी एका रंगाच्या, पाचही जणींच्या बाह्या मनगटाच्या हाडापर्यंत, ना वर ना खाली. बुटांच्या नाड्यांची टोकं आत खोचलेली. केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर काळी जाळी. उस्ताद ओळीतून हिंडत एकेकीची कॉलर बघत होते. माझ्यापाशी आले.

"मावशी, तुमी सिव्हिलियन. तुमाला कायदा न्हाय. पण ती टोपडी काढा, न्हायतर त्या बाभळीमागं बसा. पोरींच्या नजरंला ऊब पडली की मन पातळ हुतंय."

मी बाभळीमागं बसले. टोपी काढली असती तर दुसऱ्या दिवशी मला न्यायला देवगडाहून माणसं आली असती.

तिथं बसल्या बसल्या सगळे कायदे कळले. हात खिशात घालायचे नाहीत. मागं एकदा एकीचे हात खिशात दिसले, तर उस्तादांनी दुसऱ्या दिवशी सुई-दोरा आणला आणि पाची जणींना भर माळावर आपापल्या शॉर्ट्सचे खिसे शिवून टाकायला लावले. जर्सी फक्त अंग तापेपर्यंत. घाम यायच्या आधी हुकूम होतो, "जर्सी उतार!" की क्षणात पाच जर्सी उतरतात, घडी होतात, ओळीत ठेवल्या जातात आणि पोरी त्या गारठ्यात हाफ बाह्यांवर पळतात. घाम लोकरीत मुरला की नंतर तीच लोकर बर्फ होते, असं उस्तादांचं म्हणणं. पळून झालं, घाम टिपला, मग परत "जर्सी पहन!" आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे एक तर सगळ्या. एकीच्या अंगात जर्सी नसेल तर कुणाच्याच अंगात नसणार. उस्तादांच्यासुद्धा.

वाचणाऱ्यानं एवढा एक कायदा ध्यानात ठेवावा. मी ठेवला नाही, म्हणून पुढचं घडलं.

माझा पराक्रम

चार दिवस मी त्या पोरीला पोटभर खाऊ घातलं. नाचणीचं आंबील, उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे, आणि रात्री हौसेनं सोबत नेलेल्या आमसुलांची सोलकढी. वैशालीचं तोंड उजळलं. पळण्याची वेळही सुधारत होती, उस्ताद हातातल्या घड्याळाकडे बघून मान हलवायचे, म्हणजे बरं चाललंय. मला वाटलं, आणखी काय करावं या लेकरासाठी? जर्सी मळलेली दिसली. बंबात पाणी रटरटत होतं.

आम्ही खाऱ्या वाऱ्यातली माणसं. कपडा स्वच्छ करायचा म्हणजे कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि धोपाटणं. मी जर्सी उकळत्या पाण्यात बुडवली, दगडावर घालून मनापासून धोपटली, मग विहिरीच्या गार पाण्यात खळबळली. पिळताना वाटलं, ही एवढीशी कशी झाली? दोरीवर घातली. वाळल्यावर बघते तर काय, नुकत्याच चालायला लागलेल्या पोराला आली असती! वर जाड इतकी की उभी केली तर उभी राहील. लोकर कधी हाताला लागली असेल तर शप्पत. आमच्याकडे स्वेटर असतो तो फोटोत.

सुमननं कपाळावर हात मारला. "आक्का! अगं लोकर कुणी धोपटतंय व्हय?"

वैशालीनं ती जर्सी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि अशी हसत सुटली की खालीच बसली. हसता हसता डोळ्यांत पाणी. "मावशी, ही शेळीच्या करडाला हुतीया बघ." मीही हसले. नंतर रात्री कळलं की भरतीला आठवडाच उरलाय आणि त्या रंगाची जर्सी दुकानात मिळत नाही, कारण पाची जर्सी गेल्या वर्षी एकाच गठ्ठ्यातून घेतल्या होत्या. मग माझं हसू गेलं.

सकाळी वैशाली टी-शर्टवर ओळीत उभी राहिली. उस्तादांनी बघितलं. काय झालं विचारलं नाही, रागावले नाहीत. म्हणाले, "जर्सी उतार." चौघींनी जर्सी उतरवल्या. मग त्यांनी स्वतःचीही काढली, घडी केली, गवतावर ठेवली. धुकं असं की मला बाभळीमागनं पोरी धड दिसत नव्हत्या, पण दात वाजलेले ऐकू येत होते. माझ्या अंगात सुमनच्या घरचे दोन स्वेटर, डोक्यावर टोपी. मला तिथल्या तिथं मातीत शिरावंसं वाटलं.

तीन दिवस हेच. एकीला पडसं झालं. तिसऱ्या दिवशी पळता पळता वैशालीच्या पोटरीत गोळा आला आणि ती लंगडत बाहेर आली. ताप आला, पाय धरला, की संपलं, आणि कारण कोण तर जेवू घालायला आलेली मावशी! मी सरळ उस्तादांपुढं उभी राहिले.

"उस्ताद, चूक माझी. शिक्षा मला करा. म्हणाल तर मी पळते तळ्याभोवती. पण या पोरींना घालू द्या हो जर्सी. निदान त्या चौघींना तरी."

त्यांनी मला खाली बसवलं. "मावशी, ही शिक्षा न्हवं. वर बर्फात एकाचं मोजं भिजलं तर ते पोरगं लाजंनं सांगत न्हाय. बोटं काळी पडल्यावर कळतंय. सगळी जण उघडी राह्यली की आपसूक सगळी धावत्यात, त्याची सोय कुठं हुतीया बघायला. थंडी वाटून घेतली की वाट सापडती."

"आणि नाही सापडली तर?"

"मग थंडीची सवय हुती," म्हणाले आणि शिट्टी वाजवली.



सगळ्यात जास्त तडकली होती सुजाता. ही पाचांतली धाकटी, बेळगावच्या वडगावातल्या विणकरांची लेक, शिकायला म्हणून इथं मामाकडं राहिलेली. उस्तादांची पाठ वळली की ती माझ्याकडे बघून बोलायची. त्या दिवशी तर तिनं तोंडच सोडलं. "लई झालं हे! वैशूक्काची जर्सी गेली, त्यात माझा काय गुन्हा? मी का गारठून मरू? भरतीत कुणी बघणाराय का एक तर सगळ्या? तिथं जिचं तिनं पळायचंय." तिचं खोटं नव्हतं. वैशाली खाली मान घालून पोटरी चोळत होती. सुजाता जरा थांबली, नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून तितक्याच रागानं म्हणाली, "आनी मावशी, तुमी बसलाय काय? त्यो रंगच मिळंना न्हवं? मग पांढरा स्वेटर घ्या आनी वडगावला आमच्या वडलांकडं न्या. सूत रंगवत्यात ते. रंग देतील. मी फोन करतो."

पोरीनं शिव्याही दिल्या आणि वाटही दाखवली, एकाच श्वासात.

बेळगाव

आटलेली जर्सी नमुना म्हणून पिशवीत घालून मी आणि सुमन सकाळच्या गाडीनं निघालो. कर्नाटकच्या गाडीत बायकांना तिकीट नाही, पण आधार तिथलं लागतं. सुमननं कार्ड दाखवलं आणि राणीसारखी बसली. माझ्या कार्डावर महाराष्ट्र. कंडक्टर कन्नडमधून काही बोलला, सुमन कन्नडमधून काही बोलली, दोघं हसली. "काय म्हणाला?" तर म्हणे, "पाहुण्या बाईंनी पैसे दिले की आमची गाडी चालती." सख्खी बहीण शेजारी आणि मी पाहुणी! संकेश्वर मागं पडेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

बेळगावात लष्कराच्या कॅम्पाच्या बाजूनं रिक्षा गेली. एका मैदानावर जवानांची पीटी चाललेली रस्त्यावरून दिसली. मी रिक्षा थांबवायला लावली. लांबच्या लांब ओळी, पांढरे बनियन, एकदम वर जाणारे हात, एकदम खाली येणारे हात. मैदानाच्या कडेला घडी केलेल्या जर्सींची रांग. आठवडाभरापूर्वी मी हे बघितलं असतं तर म्हटलं असतं, वा, काय छान दिसतंय. आता मी त्या घड्या मोजल्यासारखी बघत होते, एखादी कमी तर नाही ना? सुमन म्हणाली, "आक्का, तुला बी भरती करून घेतील, चल लवकर."

खडेबाजारात आम्ही दुकानामागून दुकान पालथं घातलं. हिरवे रंग किती असतात हे मला त्या दिवशी कळलं. एकानं पोपटी दाखवला, एकानं शेवाळी, एकानं तर निळा दाखवून, "उन्हात बघा, हिरवाच हाय," असं माझ्या तोंडावर सांगितलं. एक म्हातारे दुकानदार मात्र भले. त्यांनी आटलेली जर्सी हातात घेऊन आधी मनसोक्त हसून घेतलं, मग माळ्यावर चढून एक जुना पांढरा लोकरी स्वेटर काढून दिला. बिनकॉलरचा, साधा, वैशालीच्या मापाचा. मी त्यांना मनापासून आशीर्वाद दिला. सुमननं कुंदा घेतला. दुधाचा असा लालसर, दाणेदार गोड पदार्थ आमच्याकडे नाही. दुकानाच्या पायरीवरच अर्धा पुडा संपला आणि बहिणीवरचा उरलासुरला रागही गेला.

वडगावच्या गल्लीत शिरलं की माग ऐकू येतात. घराघरातून खटखट खटखट, आणि माणसं त्या आवाजावरून सहज बोलतात, आम्ही समुद्रावरून बोलतो तशी. सुजाताचे वडील दारातच उभे होते. लेकीचा फोन आला होता, त्यामुळे सगळं ठाऊक. त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे, साडीचं सूत रंगवत होते सकाळपासून. स्वेटर बघून जरा घाबरले.

"आक्का, रेशीम रंगवलंय, सूत रंगवलंय. लोकर कधी न्हाय बा. बिघडला तर?"

"बिघडवायचं होतं तेवढं मी बिघडवलंय, अण्णा. तुम्ही करा."

त्यांनी स्वेटरच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, भांड्यात बुडवला, आटलेल्या जर्सीशेजारी धरून उजेडात बघितला. काळपट. रंग पातळ केला, परत धागा. पिवळट. तिसऱ्याला त्यांची बायको घरातून येऊन म्हणाली, "हेच की!" आणि आत गेली. चुलीवर मोठं भांडं चढलं. वाफ निघायला लागली तशी मी ओरडले, "अण्णा, उकळू नका हो, आटेल!"

"उकळून न्हाय आटत, आक्का. तापल्यालं धोपटायचं आनी एकदम गार पाण्यात घालायचं, मग आटतंय."

म्हणजे मी केलं होतं बरोब्बर तेच. सुमन पदर तोंडात कोंबून हसत होती.

स्वेटर रंगात बुडून राहिला. न हलवता, भांड्यातच सावकाश निवू द्यायचा होता. तोवर सुजाताच्या आईनं आम्हाला जेवायला वाढलं, भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. जेवता जेवता तिनं हळूच विचारलं, "आमची सुजी कशी पळतीया?" मी म्हटलं, "पळते छान, बोलते त्याहून छान." ती माउली हसली. मग म्हणाली, "घरात कुणी न्हाय असं गेलेलं. मागावरनं उठून कोण फौजेत जातंय? तीच एक हट्टी." तिचे हात वाढता वाढता थांबले होते. त्या घरातही भरतीचीच धाकधूक होती, आणि तरी त्यांचा अख्खा दिवस माझ्या भाचीच्या जर्सीत गेला होता. मी आणखी एक भाकरी मागितली, दुसरं काय सुचणार!

दुपार कलताना स्वेटर बाहेर आला. अण्णांनी पैशाचं नावही काढू दिलं नाही.

लांबून बघितल्यावर

सकाळी पाच जणी ओळीत. पाच जर्सी हातावर घडी करून. रात्रभर चुलीशेजारी वाळवताना घरात हुबेहूब दिसलेला रंग उन्हाच्या पहिल्या किरणात किंचित निळसर निघाला. उस्ताद म्हणाले, "पहन." पोरींनी घातल्या. उस्तादांनी जवळून बघितलं. पाठ फिरवली आणि चालत चालत माळाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथून वळून, डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. आता हा माणूस काय म्हणतोय? आज माझ्याबरोबर आलेल्या सुमननं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

तिकडून आवाज आला, "लांबनं पाची एक दिसत्यात! दुश्मन जवळ येऊन बघंल तवा बघू!"

पोरी ओरडल्या. बगळे उडाले. उस्ताद परत आले, गवतावरची आपली जर्सी उचलून घातली आणि म्हणाले, "गप्पा बास. घुटना उठा." आटलेली जर्सी खरंच शेळीच्या करडाला बसली. उस्तादांनी जाता जाता करडाचीही बाही खाली ओढून सारखी केली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. उरलेले दिवस सुमन वैशालीच्या पोटरीला लसणीचं तेल चोळत राहिली आणि मी देव पाण्यात घालून बसले.

गेटाबाहेर

भरती बेळगावातच होती. उजाडायच्या आधी आम्ही मैदानाच्या गेटाबाहेर पोचलो. थंडी मरणाची. आत फक्त पोरींना सोडत होते, तेही टी-शर्टवर, छातीला नंबर लावून. घरची माणसं बाहेर. आमच्या पाच जणींनी गेटापाशीच उस्तादांच्या नजरेच्या हुकमावर जर्सी उतरवल्या, घड्या केल्या आणि एकेक करून माझ्या हातांवर ठेवल्या. वैशालीची सगळ्यात वर. पाया पडायला वाकली तर मला आशीर्वादाला हात मोकळा नाही. मी तिच्या डोक्याला हनुवटी लावली.

मग उस्तादांनी मला समजावलं. "मावशी, पळण्यात मागं पडली ती लगेच बाहेर येती. जी टिकली तिला उंची-वजनाच्या मापाला पुढं घेत्यात, ती दुपारपतोर येत न्हाय. तवा गेटाकडं बघा, आनी आपली कोण दिसू नये म्हणा."

आपलं माणूस दिसू नये म्हणून दाराकडं बघत बसायचं! असली वाट मी जन्मात बघितली नव्हती. आत शिट्टी झाली, पावलांचा आवाज गेला, ओरडा झाला. मग गेट किलकिलं झालं आणि पोरी यायला लागल्या. कुणी रडत, कुणी पाय ओढत. प्रत्येक अंबाडा मला वैशालीचाच वाटे. आमच्यातली एक आली. मग दुसरी. थोड्या वेळानं तिसरी, ती बसलीच खाली. आणि मग सुजाता. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल, डोळे कोरडे. सरळ माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "दोन पावलं. दोनच पावलं, मावशी." आणि मग रडली. मी तिला जवळ ओढली तर पोरगी थरथरत होती, घामानं निथळत आणि गारठलेली.

आत पुढच्या तुकडीची शिट्टी झाली. उस्तादांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "आता जी आत हाय ती आत हाय." वैशाली बाहेर आली नव्हती. सुमन मटकन रस्त्याच्या कडेला बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. सुजातानं डोळे पुसले. "टिकली वैशूक्का! बोललोतो न्हवं मी?" असं ती कधीच बोलली नव्हती. पण त्या क्षणी मीही मान हलवली. तिला अजून पुढच्या भरतीला वय आहे, आणि तिचा हट्ट मी बघितलाय.

तिची जर्सी मी घडीतून सोडवली. "घाल बाई आधी. नाक बघ कसं झालंय."

सुजातानं जर्सी हातात घेतली. उस्तादांचं लक्ष नव्हतं, ते दुसरीकडं तोंड करून उभे होते. बाकी तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, माझ्याकडून घेतलेल्या जर्सी तिघींच्याही हातावर, घडी न मोडलेल्या. सुजातानं त्यांच्याकडे बघितलं, गेटाकडे बघितलं, आणि आपली घडी परत नीट करून छातीशी धरली.

"न्हाय मावशी. वैशूक्का आत टी-शर्टवरच हाय की."

माझ्या अंगावर सुमनच्या घरची जाड शाल होती. मी ती काढली, घडी केली आणि त्या चौघींच्या शेजारी, ओळीत, उभी राहिले.